झाकणाच्या आतली सही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, तू एआयवर बोल. पंधरा मिनिटं. सगळ्यांना कळेल असं." मी हो म्हटले. पण नंतर विचार केला, की एआयवर आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच रोज चार जण भाषण देतात, त्यात माझी भर कशाला? म्हणून मी विषय बदलायची परवानगी मागितली. आज मी तुम्हाला अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका बाहुल्याची गोष्ट सांगणार आहे. हा बाहुला लिहितो. दौतीत पीस बुडवून, कागदावर, चांगल्या वळणदार अक्षरात. माझ्यापेक्षा त्याचे अक्षर नक्कीच चांगले आहे, आणि माझे अक्षर कसे होते हे समोर बसलेल्या बाईंना पक्के ठाऊक आहे.

सुरुवात मात्र हैदराबादपासून करते.

नववीत आपली सहल हैदराबादला गेली होती, आठवते? रात्रभर एसटीच्या लाल गाडीत अंताक्षरी, आणि सकाळी सगळ्यांचे आवाज बसलेले. सालारजंग संग्रहालयात एक मोठे घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके घंटेवर देतो आणि परत आत जातो. ते बघायला लोक आधीपासून जागा धरून बसतात. आपणही बसलो. सरांनी दोनदा डोकी मोजली. ठोके संपले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "आत माणूस बसवलाय, पगारी." सगळे हसले. मीही हसले.

पण मला माहीत होते की आत माणूस नसतो. ठोक्यांच्या घड्याळात चाके असतात, आणि अनेकदा एक खाचांची चकती असते. एक खाच जवळ, पुढची जरा लांब, त्यापुढची आणखी लांब. त्या अंतरावरून घड्याळाला कळते की आता किती ठोके द्यायचे. नऊ म्हणजे काय हे घड्याळाला कळत नाही. कोणीतरी खाच बरोबर जागी कापलेली असते, इतकेच. हे मला ठाऊक होते, कारण माझे वडील घड्याळे दुरुस्त करायचे. आणि मी ते तिथे बोलले नाही, त्याचेही कारण हेच, की माझे वडील घड्याळे दुरुस्त करायचे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमचे दुकान आठवत असेल. एसटी स्टँडसमोर, सायकलच्या दुकानाला लागून, दोन माणसे उभी राहिली की भरणारे. आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. काचेचे टेबल, वर पिवळा बल्ब, डाव्या डोळ्याला भिंग आणि उजव्या हातात चिमटा. मला तिथे दोन कामे होती. खाली पडलेला स्क्रू लोहचुंबकाने शोधणे, आणि शिंक आली तर आधी बाहेर पळणे. हसू नका, एकदा माझ्या शिंकेने एका वकीलसाहेबांच्या घड्याळाची अर्धी चाके फरशीवर गेली होती.

अण्णांची एक सवय होती. मनगटी घड्याळाचे मागचे झाकण बसवण्याआधी ते सुईसारख्या अणकुचीदार हत्याराने झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक काहीतरी कोरायचे. तारीख आणि एक अक्षर. मी विचारले, "हे कोणाला दिसणार?" ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला दिसायला नाहीच. पुढच्यानं उघडलं की त्याला कळावं, कधी आणि कोणी हात लावला होता." ही सवय काही एकट्या अण्णांची नव्हे. जगभरचे घड्याळजी हे करत आले आहेत. जुने घड्याळ उघडले की झाकणात अशा चार-पाच पिढ्यांच्या नोंदी सापडतात. ज्याच्या मनगटावर ते घड्याळ असते त्याला त्या जन्मभर दिसत नाहीत.

आता बाहुल्याकडे येते.

२०१८ साली मी कामानिमित्त काही महिने झुरिचला होते. तिथून रेल्वेने दीड-दोन तासांवर न्यूशातेल नावाचे गाव आहे, तळ्याकाठी. तिथल्या संग्रहालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन जुने बाहुले चालवून दाखवतात. लेखक, चित्रकार आणि वादक. ते १७६८ ते १७७४ या काळात ला शो-द-फों या डोंगरातल्या गावच्या पिएर जाके-द्रो या घड्याळजीने, त्याचा मुलगा आंरी-लुई आणि सहकारी झाँ-फ्रेदेरिक लेशो यांच्याबरोबर बनवले. तो भाग बर्फाचा. हिवाळ्यात शेती बंद, म्हणून तिथले शेतकरी घरी बसून घड्याळांचे सुटे भाग करायचे, त्यातून तो सगळा मुलूख घड्याळांचा झाला.

जाके-द्रोने हे बाहुले बनवले ते निव्वळ हौस म्हणून नव्हे. त्याला युरोपातल्या राजेरजवाड्यांना महागडी घड्याळे विकायची होती. बाहुले ही त्याच्या दुकानाची जाहिरात होती. आमच्या अण्णांनीही दुकानाबाहेर पत्र्याचे मोठे घड्याळ टांगले होते, त्यात कायम दहा वाजून दहा मिनिटे झालेली. तो खर्च त्यांना परवडणारा होता.

त्या रविवारी मी लहान मुलांच्या रांगेत पुढे बसले. लेखक म्हणजे सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीचा, अनवाणी, गुबगुबीत गालांचा मुलगा. स्टुलावर बसलेला, समोर छोटे मेज. चावी दिली. त्याने हात बाजूला नेला, हंसाचे पीस दौतीत बुडवले आणि मनगट दोनदा झटकले. जादा शाई कागदावर सांडू नये म्हणून! मग लिहायला लागला. जाड रेघ, बारीक रेघ, दोन शब्दांमध्ये जागा, ओळ संपली की पुढची ओळ. आणि लिहिताना त्याचे डोळे पिसाच्या टोकाबरोबर फिरत होते.

मग त्यांनी त्याची पाठ उघडून दाखवली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पंधरा-सोळा वर्षे तेच काम केलेले. त्या पाठीत जे दिसले, ते बघून माझ्या तोंडून मराठीत "अगं बाई!" असे निघाले आणि शेजारच्या आजी माझ्याकडे बघायला लागल्या.

आत काय आहे ते सोप्या भाषेत सांगते. लेखकात सुमारे ६००० सुटे भाग आहेत आणि ते सगळे त्या एवढ्याशा अंगात बसवले आहेत. मधोमध एक उभा दांडा, आणि त्यावर चकत्यांची चळत, भाकऱ्या रचाव्यात तशी. प्रत्येक चकतीची कडा वेगळ्या चढउताराने कानशीने घासलेली. याला कॅम म्हणतात. चळत फिरते तेव्हा तीन बोटे त्या कडांना टेकून चढतात-उतरतात. एका बोटाने हात डावीकडे-उजवीकडे जातो, दुसऱ्याने पुढे-मागे, आणि तिसरे ठरवते की पीस कागदावर किती दाबायचे आणि कधी उचलायचे. एक अक्षर लिहायला अशा तीन कडा लागतात.

पण खरी गंमत खालच्या चाकात आहे. त्या चाकावर ४० जागा आहेत, आणि प्रत्येक जागी बसवलेल्या तुकड्याची उंची कमी-जास्त करता येते. तो तुकडा जितका उंच, तितकी वरची चळत सरकते आणि त्या उंचीवरचे अक्षर बोटांसमोर येते. म्हणजे तुम्ही चाकावरचे तुकडे बदला, बाहुला नवा मजकूर लिहील. हात तोच, अक्षरे तीच, मजकूर तुमचा. ४० अक्षरांपर्यंत काहीही.

आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात, की काम करणारी यंत्रणा वेगळी ठेवा आणि तिला द्यायची माहिती वेगळी ठेवा. माहिती बदलली तर यंत्रणा उघडायला लागू नये. हे मी इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि इथे १७७४ साली, विजेचा दिवासुद्धा नसताना, एका घड्याळजीने ते पितळेत कापून ठेवले होते.

शेजारी चित्रकार बसतो. तो चार चित्रे काढतो. त्यात एक कुत्रा आहे, एक राजाचा चेहरा आहे, आणि फुलपाखराने ओढलेल्या रथात बसलेला मदन आहे. काढता काढता तो मध्येच कागदावर फुंकर मारतो, पेन्सिलीचा भुगा उडवायला. त्यासाठी आत खरोखरीचा भाता बसवलेला आहे. आणि वादक बाई आपल्या बोटांनी खऱ्या पट्ट्या दाबून वाजवते, वाजवताना तिची छाती श्वास घेतल्यासारखी हलते.

मी गाडीत बसून परत येताना विचार करत होते तो शाई झटकण्याचा. ते डोळे फिरणे, ती फुंकर, तो श्वास. यातले काहीही नसते तरी बाहुला लिहिता झाला असता. कोणी तक्रार केली नसती. पण प्रत्येक गोष्टीसाठी आणखी एक चकती, आणखी एक तरफ, आणखी काही महिने. हे करणाऱ्याने आधी स्वतः लिहिता लिहिता आपल्या हाताकडे बघितले असणार. आपण शाई घेतल्यावर काय करतो? झटकतो. मग यानेही झटकली पाहिजे.

अशा बाहुल्यांचा आणि माझ्या धंद्याचा आणखी एक धागा आहे. कॉम्प्युटरचा पणजोबा म्हणतात तो चार्ल्स बॅबेज लहान असताना आईबरोबर लंडनला मर्लिन नावाच्या कारागिराकडे गेला होता. तिथे त्याने चांदीची एक नाचणारी बाहुली पाहिली. ती त्याच्या मनातून गेलीच नाही. पुढे १८३४ साली तीच बाहुली लिलावात निघाली तेव्हा त्याने ती विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडली. त्याच सुमारास तो आपल्या गणिती यंत्राचे आराखडे करत होता.

आता दुसरा बाहुला, अमेरिकेतला. 'ह्यूगो' हा सिनेमा तुमच्या मुलांनी पाहिला असेल. तो ज्या पुस्तकावरून निघाला, त्यातला यंत्रमानव या बाहुल्यावरून सुचलेला आहे.

१९२८ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये एका श्रीमंत घराण्याकडून एक पितळी यंत्र तुकड्यांच्या स्वरूपात आले. आगीत सापडून खराब झालेले. घरच्यांची समजूत अशी, की ते मेल्झेल नावाच्या कारागिराने केलेले आहे. कागदपत्र काही नाही. संस्थेच्या कारागिराने ते चिकाटीने जुळवले, वाकलेले सरळ केले आणि हातात लेखणी देऊन चालू केले. बाहुल्याने चार चित्रे काढली. मग तीन कविता लिहिल्या, दोन फ्रेंचमध्ये आणि एक इंग्रजीत. आणि शेवटच्या कवितेच्या चौकटीत त्याने फ्रेंचमध्ये लिहिले की हे मायार्देच्या बाहुल्याने लिहिले आहे.

आंरी मायार्दे हा १८०० च्या सुमारास लंडनमध्ये काम करणारा स्विस घड्याळजी. जाके-द्रोच्या लोकांबरोबर त्याने काम केले होते. सगळे जण मेल्झेलचे नाव घेत होते, आणि खरे नाव बाहुल्याच्या पोटातल्या चकत्यांवर, कडांच्या चढउतारात कोरलेले होते. शंभराहून अधिक वर्षांनी ते बाहेर आले. ते बाहेर यायला एकच अट होती. कोणीतरी तो बाहुला आस्थेने दुरुस्त करायला हवा होता.

हे वाचले तेव्हा मला अण्णांची ती सुई आठवली. झाकणाच्या आतली सही.

पण सगळ्यांना अशी सही करता येत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तुम्ही गेला असाल. नसाल तर पुढच्या वेळी तुळशीबागेत जाल तेव्हा तासभर आधी निघा, जवळच आहे. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. १९७५ साली त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे २० हजारांहून जास्त वस्तू आहेत. आणि त्या कसल्या? अडकित्ते, दिवे, कुलपे, करंडे, पळ्या, वज्र्या. आपल्या आजीच्या घरातल्याच. प्रत्येकीवर कोणीतरी लागेल त्याहून थोडे जास्त काम करून ठेवले आहे. सुपारी साध्या पात्यानेही फुटते, पण अडकित्त्याची मूठ हातात छान बसावी आणि डोळ्यांना गोड दिसावी म्हणून कोणी लोहार चार दिवस जास्त बसला. त्याचे नाव कुठेही नाही. इतक्या निनावी लोकांचे काम ज्याने आयुष्यभर गोळा केले, त्याने स्वतःसाठी टोपणनाव घेतले ते 'अज्ञातवासी'. मला हे फार योग्य वाटते.

आता जरा माझ्याबद्दल. एआय नाही, पण सॉफ्टवेअरचे थोडे सांगायलाच हवे, नाहीतर संयोजक रागावतील.

मी आणि माझ्या चमूने एका मोठ्या कंपनीसाठी, नाव घेत नाही, मालाच्या हिशेबाची एक प्रणाली लिहिली होती. ती अकरा वर्षे चालली. मग एका शनिवारी रात्री ती बंद करून नवीन चालू केली. सोमवारी कोणाच्या लक्षातही आले नाही. आमच्याकडे यालाच यश म्हणतात. अकरा वर्षांचे काम, आणि आज ते दाखवायला माझ्याकडे अडकित्त्याएवढी वस्तूसुद्धा नाही. त्या रविवारी मला फार रिकामे वाटले. असे वाटले, की अण्णांचे दुकान गेले तसेच हे.

अण्णांचे दुकान कसे गेले तेही सांगते. माझे शाळेचे दिवस चालू असताना सेलवरची क्वार्ट्झ घड्याळे सगळीकडे आली. चावी नको, सर्व्हिसिंग नको, वेळ अचूक. बंद पडले तर नवे घ्या. अण्णा भिंग लावून बसायचे आणि गिऱ्हाईक यायचे सेल बदलायला नाहीतर पट्टा टाकायला. ते कधी कुरकुरले नाहीत. म्हणायचे, "वेळ बरोबर दाखवतंय ना, मग घड्याळ चांगलंच आहे." २०१४ साली ते गेले. मी पुण्याहून आले, तेराव्याला चार दिवस बाकी होते, दुकानमालकाला गाळा रिकामा हवा होता. मी भंगारवाल्याला बोलावले. चिमटे, सुया, छोटी लेथ, अण्णांनी स्वतः घासून केलेली हत्यारे, डब्या डब्या भरून चाके. त्याने तराजूत टाकून वजनावर पैसे दिले. मी ते घेतले. डोक्यात परतीची गाडी होती.

त्यानंतर चार वर्षांनी न्यूशातेलला मी तिकीट काढून अशीच हत्यारे काचेआड बघत उभी होते.

प्रणाली बंद झाल्यावर काही आठवड्यांनी एका तरुण सहकाऱ्याचा मेसेज आला. जुनी माहिती नव्या प्रणालीत आणताना त्याचे हिशेब मार्चअखेरच्या तारखांना जुळत नव्हते. दोन दिवस डोके आपटल्यावर त्याला माझ्या जुन्या कोडमध्ये २००९ साली लिहिलेली टीप सापडली. मार्चअखेरच्या तारखा इथे वेगळ्या का धरल्या आहेत, आणि बदल करणाऱ्याने आधी काय तपासावे, अशा सहा ओळी. त्याने लिहिले होते, "मॅडम, तुम्ही वाचवलंत." वापरणाऱ्या एकाही माणसाला त्या ओळी कधी दिसल्या नव्हत्या. त्या त्याच्यासाठीच होत्या. मला तेव्हा कळले की मी इंजिनिअरिंग कॉलेजात जे शिकले ते शिकलेच, पण ही सवय मला स्टँडसमोरच्या दुकानात लागली होती.

आता शेवटचे. हे सांगायला मला तीस वर्षे लागली.

आपल्या शाळेत हेडसरांच्या ऑफिसबाहेर लोलकाचे मोठे घड्याळ होते. मामा दर सोमवारी स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे. दर वर्षी जूनमध्ये अण्णा येऊन ते साफ करून, तेल घालून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. आठवीत असताना एकदा ते स्टुलावर चढले होते, शर्टाला तेलाचे डाग, आणि आम्ही तिघी-चौघी तिथून चाललो होतो. वर्गात नवीन आलेल्या एका मुलीने विचारले, "हे कोण गं?" मी म्हटले, "घड्याळवाले आहेत."

खोटे काहीच बोलले नव्हते. पण अण्णांनी ऐकले. त्यांनी मान वळवली नाही. घरी आल्यावर त्याबद्दल काही बोललेही नाहीत. रात्री नेहमीसारखी माझी चावीची घड्याळी लावून दिली, पहाटे अभ्यासाला उठायला. तेव्हा सोबत असलेल्या तुमच्यापैकी दोघींना माहीत होते ते माझे वडील आहेत. त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांचे आज, सगळ्यांसमोर, आभार मानते.

काल संध्याकाळी मी लवकर पोचले. सध्याच्या मुख्याध्यापिका बाईंना विचारले, ते घड्याळ आहे का? त्या म्हणाल्या, स्टोअररूममध्ये असेल. प्रयोगशाळेच्या मोडक्या स्टुलांमागे, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ते सापडले. काच शाबूत आहे. लोलक काढून आत ठेवलेला आहे. मी पुढचे दार उघडून मोबाइलचा उजेड आत मारला.

आतल्या लाकडी फळीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आहेत. सगळ्यांत वर कोणा दुसऱ्याच माणसाचे अक्षर, तारखा १९५८ पासूनच्या. तो कोण, आता सांगणारे कोणी नाही. मग अण्णांचे अक्षर सुरू होते. दर जूनला एक ओळ. आमच्या आठवीचा जूनही आहे, १९९३. त्या ओळीत वेगळे काही नाही. "साफ केले, तेल दिले." शेवटची नोंद २००३ ची. आणि तिच्या खाली, जरा मोठ्या अक्षरात, "घंटेची स्प्रिंग जुनी झाली आहे. डावी चावी दहा फेऱ्यांपेक्षा जास्त देऊ नये."

हे त्यांनी पुढच्यासाठी लिहिले होते. वीस वर्षांहून जास्त काळ पुढचा कोणी आलाच नाही.

मी बाईंशी बोलले आहे. जिल्ह्याच्या गावी एक वयस्कर घड्याळजी अजून काम करतात, त्यांना हे घड्याळ दाखवायचे ठरले आहे. खर्च मी करीन, पण आपल्या तुकडीच्या नावाने. दोन अटी मात्र आहेत. घड्याळ शाळेतच उघडायचे, आणि त्या वेळी नववीची मुले भोवती उभी असली पाहिजेत. शिंक आलेल्याने बाहेर पळायचे. आणि काम झाल्यावर त्या घड्याळजींनी फळीवर, अण्णांच्या नोंदीखाली, स्वतःच्या हाताने आपली ओळ लिहायची. पुसून रंग मारायचा नाही.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा घड्याळ जागेवर असेल अशी आशा आहे. तुमच्यापैकी जे गावातच आहेत, त्यांनी अधूनमधून चक्कर मारून चावी द्यावी. उजवी पूर्ण. डावी दहा फेरे, अकरावा नाही.